रेघेवरचा गुलाब

गुलाब,

परवा नंदनवन वस्तीत तुझ्या घरासमोर मांडव घातला होता. तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला तुझ्या ऑफिसातली झाडून सगळी माणसं आली होती. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. भूमापन खात्यात तू उभा जन्म साखळी ओढलीस, पण मोजणीच्या शेतावर कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाहीस. बांधावरून हमरीतुमरीवर आलेल्या दोन भावांना तू बाभळीखाली बसवून नकाशा समजावलास आणि ते एकाच बैलगाडीतून घरी गेले. बदलीची धमकी आली तरी तू हद्दीची खोटी खूण गाडली नाहीस. हे सगळं खरं आहे, आणि ते सांगणाऱ्यांचे आवाजही खरे होते. पण दीड तासात रग्बी हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं.

शेवंतावहिनींना ठाऊक होतं. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बोला नं दोन शब्द."

मी उठलो. "गुलाब माझा मित्र होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना दुःखानं पुढं बोलवलं नाही. पण मी बसलो तो त्यामुळे नाही. मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून अशोक उभा होता. गिरणीच्या टीममधला आपला अशोक. केस कानापाशी पांढरे झालेत, पण खांदे तसेच आहेत. त्याच्या समोर तुझं आणि माझं जे होतं ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. तेवढी छाती माझ्यात परवा नव्हती.

आज आहे असंही नाही. पण लिहायला बसलोय.

तू पहिल्यांदा भेटलास तो मी शिकवायचो त्या सदर भागातल्या शाळेच्या मैदानाची मोजणी करायला. शेजारच्या बंगल्यावाल्यानं मैदानाची एक पट्टी आपली म्हणून कुंपणात घेतली होती. तू सकाळपासून उन्हात साखळी टाकत होतास. दुपारी लिंबाखाली डबा सोडलास, तेवढ्यात मैदानावर आमची रग्बीची माणसं जमली. शनिवारचा सराव होता. तुझा घास हातातच राहिला.

"हा बॉल असा काहून हाये गा? कोनी त्यावर बसलं होतं का?" हे तुझं माझ्याशी पहिलं वाक्य.

हा खेळ मी रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या गार्डसाहेबांकडून शिकलो होतो. साऱ्या नागपुरात मोजून चार टीम होत्या. कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन माणसांची एक, कामठीच्या छावणीतल्या पोरांची एक, सदरच्या क्लबची एक आणि एका कापड गिरणीची एक. कुणाला त्यात पैसे मिळत नव्हते, पेपरात नाव येत नव्हतं. थंडीचे तीन-चार महिने मुरमावर गुडघे फोडून घ्यायचे आणि उन्हाळा लागला की जखमा भरू द्यायच्या. रेफ्री मी एकटा. रेघेवर झेंडा घेऊन उभे राहणारे दोघे टच जज मात्र दोन्ही टीम आपापले आणायच्या आणि दोघेही आपापल्या टीमच्या बाजूनं धडधडीत खोटं बोलायचे. मला एक असा माणूस हवा होता की जो कुणाचाच नाही.

त्या दिवशी तू बंगल्यावाल्याच्या तोंडावर सांगितलंस की कुंपण अडीच हात आत आलंय, आणि लगेच शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगितलंस की तुमचं पाण्याचं टाकंही हातभर बाहेर गेलंय. मी तिथंच ठरवलं.

तुला काम समजावलं तेही आठवतं. बॉल रेघेला लागला किंवा बाहेर गेला की झेंडा वर करायचा आणि जिथून गेला तिथं जाऊन उभं राहायचं. कुणी गोलला किक मारली की पोस्टच्या मागं जाऊन बॉल आडव्या दांडीवरून गेला की नाही ते दाखवायचं. संपलं.

"आन् बाकी काई दिसलं तं?" तू विचारलंस.

"बाकी म्हणजे?"

"म्हंजे कोनी कोनाले लाथ मारली, बुक्की मारली."

"ते रेफ्रीचं काम. नियमांच्या पुस्तकात टच जजला हे दोनच अधिकार दिलेत. बाकी जे दिसेल ते आपल्यापाशी ठेवायचं."

तू मान हलवलीस. "म्हंजे आमच्यावानीच. आमी हद्द दाखवतो. शेत कोनाचं ते कोर्ट सांगते."

मला ते उत्तर फार आवडलं होतं. पुढं त्याच उत्तराचा मला राग यायला लागला.

दर रविवारी तू नंदनवनातून सायकल हाणत यायचास. तेव्हा तिकडं वस्ती विरळ होती, रस्ता कच्चा, तुझ्या पांढऱ्या पँटीवर धूळ बसलेली असायची आणि मैदानात उतरण्याआधी तू ती ओल्या रुमालानं पुसून काढायचास. मला हसू यायचं. अर्ध्या तासात तर सगळ्यांचेच कपडे मातीचे होणार. पण तू म्हणायचास, रेघेवरचा माणूस दुरून दिसला पाहिजे. बॉल जिथून बाहेर जाई तिथं तू टाच रोवायचास आणि मग पंधरा माणसं अंगावर ओरडत आली तरी तुझी टाच बोटभरही सरकत नसे. कॉलनीतला एक आडदांड ड्रायव्हर एकदा तुझ्या नाकाशी नाक लावून शिव्या देत होता. तू त्याला म्हणालास, "साहब, आप बोलते रहो. बॉल यहीं से गया." दुसऱ्या हंगामापासून तोच ड्रायव्हर सगळ्यांना सांगायचा की त्या रेघेवर वाद घालायचा नाही, तिथं गुलाब आहे.

मॅच संपली की आपण कोपऱ्यावर तर्री-पोहे खायचो. तिथंच 'तुमी'चं 'तू' झालं. तिथंच तू मला तुझ्या लहानपणाचं काही काही सांगितलंस. सगळं नाही. आमच्या गावी आमच्या वाड्यात गडी माणसांचा पेला वेगळा ठेवलेला असायचा, हे मीही तुला कधी सांगितलं नाही. तुला माहीत असणार.

आता त्या मॅचवर यायला हवं.

जानेवारीतली फायनल होती, सदरचा क्लब विरुद्ध गिरणी. गिरणीकडून अशोक खेळत होता. तेवीस-चोवीसचं वय. कळमेश्वरच्या पलीकडच्या गावचा शेतकरी घरातला मुलगा, गिरणीत बदली कामगार म्हणून, रजेवरच्याच्या जागी, लागलेला. खेळतो म्हणून लागलेला आणि खेळत राहिला तर कायम होणार होता. हे आपल्याला दोघांनाही ठाऊक होतं. क्लबचा कप्तान रणजीत. देखणा, चपळ, आणि रेफ्रीची पाठ कधी वळते हे ओळखण्यात पटाईत.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती. गिरणी तीन पॉइंटांनी पुढं होती. तुझ्या बाजूच्या रेघेपासून सहा-सात पावलांवर माणसांचा ढीग पडला, बॉल त्यातून निसटून पलीकडे गेला आणि मी बॉलमागं धावलो. रेफ्रीनं बॉलमागंच धावायचं असतं. मागून गलका झाला म्हणून वळलो. तेव्हा मला दिसलं ते एवढंच की अशोक उभा आहे आणि त्यानं रणजीतच्या जबड्यावर ठोसा मारला. रणजीत आडवा झाला. मी शिट्टी वाजवली आणि अशोकला बाहेर काढलं.

अशोकच्या गालावरून रक्त ओघळत होतं. मुरमाचं मैदान, सगळ्यांनाच खरचटतं. तो धापा टाकत म्हणाला, "सर, त्याइले इचारा. ते तिथंच उभे होते."

तो तुझ्याकडे बोट दाखवत होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू रेघेवर उभा होतास, झेंडा खाली, आणि सरळ माझ्याकडे पाहत होतास.

"टच जजला विचारायचं नसतं," मी म्हणालो. "बाहेर हो."

चौदा माणसांवर गिरणी हरली. मॅच संपल्यावर नळावर मी पाय धूत होतो, तेव्हा तू आलास आणि हळूच म्हणालास, "पैली लाथ त्यानं मारली, मास्तर. रणजीतनं. पोट्टा खाली पडला होता. बुटासकट तोंडावर मारली."

माझ्या हातातला लोटा तसाच राहिला. "मग सांगितलं काहून नाही गा?"

"तू इचारलं काहून नाई?"

"तू झेंडा वर करायचा होता."

"बॉल रेघेच्या आत होता. झेंडा कशाचा वर करू? मले दोनच कामं सांगितली तू. बाकी दिसलं ते आपल्यापाशी ठेव म्हनला. ठेवलं."

आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि चौदा-पंधरा वर्षं चाललं. बाहेरच्या माणसाला ते फार मजेशीर वाटलं असतं. मी म्हणायचो, तू झेंडा वर करायला हवा होतास. तू म्हणायचास, तू विचारायला हवं होतंस. पोह्याच्या टपरीवर, तुझ्या ओट्यावर, एकदा तर माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत बसून. आपण दोघं त्या नळापाशीच भांडत राहिलो, कारण त्याच्या पुढच्या आठवड्यात जे झालं त्याबद्दल बोलायची दोघांचीही तयारी नव्हती.

माझा रिपोर्ट गेला आणि रग्बीच्या कमिटीनं अशोकला सदरला क्लबच्या खोलीत बोलावलं. मीही होतो. लांब टेबल, तीन माणसं, मधोमध अध्यक्ष. अशोक दाराशी उभा, गालावर पट्टी. त्याच्या मागं दार उघडलं आणि तू आत आलास. तू किरकोळ रजा टाकून आला होतास. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. मी तुला बोलावलं नव्हतं. कुणीच बोलावलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, "आपण?"

"मी टच जज होतो, साहेब. त्या बाजूनं."

"टच जजची साक्ष आम्हाला घेता येत नाही. खेळाडूंच्या वागणुकीबद्दल टच जजला काहीही अधिकार नाही. पुस्तक पाहा."

"पुस्तक मले पाठ हाये, साहेब," तू म्हणालास. आवाज नेहमीसारखाच. "मी टच जज म्हनून आलो नाई. तिथं सात पावलांवर एक मानूस उभा होता. त्याले दिसलं. तो मानूस सांगाले आला."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, गुलाब. हे मी इतकी वर्षं मुद्दाम विसरत आलो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, या गृहस्थांना तुम्ही ओळखता. तुम्ही म्हणत असाल तर नियम बाजूला ठेवून ऐकून घेऊ. तुमचा काय अभिप्राय?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. टेबलाकडे पाहत उभा होतास. मला विचार करायला वेळ मिळावा म्हणून की काय, कोण जाणे.

मी म्हणालो, "मी जे पाहिलं ते रिपोर्टात लिहिलंय. त्यापलीकडे मला काही सांगायचं नाही."

अध्यक्षांनी तुला बाहेर बसायला सांगितलं. तू मान लववलीस आणि दार अलगद ओढून घेतलंस. अशोकला दोन हंगामांची बंदी झाली. रणजीतचं नाव कुठंच आलं नाही. पंधरा दिवसांत गिरणीच्या बदली कामगारांच्या यादीतून अशोकचं नाव गळालं. खेळायचाच नाही तर त्याला ठेवून करायचं काय, असं तिथला कुणी साहेब म्हणाला म्हणे.

त्या संध्याकाळी सदरच्या रस्त्यानं आपण सायकली हातात धरून चालत निघालो. दुकानांत दिवे लागत होते. तू आता काहीतरी बोलशील, शिवी देशील, निदान सायकलवर टांग मारून निघून जाशील असं मला वाटत होतं. चौक आला तेव्हा तू एवढंच विचारलंस, "येत्या रविवारची म्याच किती वाजता हाये?"

"साडेतीनला."

"बरं," म्हणालास आणि गेलास. रविवारी तीनला रुमालानं पँट पुसत तू मैदानावर हजर होतास.

अशोकसाठी तू पुढं काय काय केलंस ते मला तुझ्याकडून नाही, इकडून तिकडून कळलं. पाहिलं ते सगळं तू साध्या कागदावर लिहिलंस, खाली टच जज असं न लिहिता नुसतं नाव, गाव आणि सही केलीस, आणि तो कागद घेऊन गिरणीच्या गेटवर तीन दिवस उभा राहिलास. कुणी घेतला नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी कळमेश्वरची बस धरून त्याच्या गावी गेलास. त्याच्या आईला सांगितलंस की तुमच्या पोरानं आधी हात उचलला नव्हता. तुझ्या हातून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं तू केलंस. त्यानं अशोकची नोकरी परत आली नाही. तो काही वर्षं मिळेल ते काम करत राहिला. मग कळमेश्वरला कारखाने आले आणि त्यातल्या एकात तो लागला. आज तिथं सुपरवायझर आहे. हे तू मला एकदा पोह्याच्या टपरीवर, जाता जाता सांगावं तसं सांगितलंस.

त्याच दिवशी मी पुन्हा जुनी तार छेडली. म्हणालो, "त्या दिवशी कमिटीसमोर जाऊन बोललास. मग मैदानावर का नाही बोललास? तिथं एक शब्द पुरला असता."

तू बशी खाली ठेवलीस. मला वाटलं, उठून जातोस.

"मास्तर," तू म्हणालास, "तू कुठंई बोलला तं लोक ऐकतात. तुले त्याची आदत हाये. मी बोलतो तवा लोक पैले माह्या तोंडाकडे पाहतात, मंग आडनाव इचारतात, मंग ठरवतात का ऐकाचं का नाई. त्या रेघेवर तसं नव्हतं गा. पुस्तकात लिहिलं होतं का इथं गुलाब सांगन तेच खरं. ड्रायव्हर असो, साहेब असो. साऱ्या नागपुरात मले तेवढी एक जागा होती. पुस्तकात नाई ते बोललो असतो तं दुसऱ्या दिवशी कोनी बी म्हनलं असतं, हा कोन सांगनारा. मंग बॉल कुठून गेला ते बी कोनी ऐकलं नसतं."

मी चमच्यानं पोहे ढवळत बसलो.

"चूक झाली माह्यी," तू पुढं म्हणालास. "त्या पोट्ट्याचं तोंड पाह्यलं तवाच बोलाले पायजे होतं. म्हनून मंग खोलीत आलो."

आणि तू पोह्यांकडे वळलास. तुझी चूक तू अशी एका वाक्यात मांडून मोकळा झालास. आता माझी पाळी होती. तू वाट पाहत होतास का, मला ठाऊक नाही. मी तर्री मागवली.

मी घरी जाऊन विचार केला. ज्या पुस्तकानं तुला पायाखाली जागा दिली होती ते बाजूला ठेवून तू त्या खोलीत आला होतास. नुसता माणूस म्हणून, आडनावासकट. आणि मी, ज्याला सगळे ऐकत होते, तो पुस्तकामागं जाऊन बसलो होतो. हे मला कळलं. तुझ्या घरी येऊन सांगायला मात्र माझे पाय निघाले नाहीत. पुढच्या रविवारी सांगू म्हणालो. रविवार पुष्कळ आले.

गेल्या वर्षी नियमांचं नवं पुस्तक आलं तेव्हा मी ते घेऊन तुझ्याकडे आलो. तू तोवर अंथरुणाला लागला होतास. पायांवर सूज होती. वहिनींनी उशा लावून तुला बसवलं. मी तुला ते पान दाखवलं. आता वरून, कमिटीनं नेमलेल्या टच जजला मारामारी दिसली तर तो झेंडा दाखवून रेफ्रीला सांगू शकतो. तू चष्मा लावून, बोट फिरवत दोनदा वाचलंस.

"चांगलं केलं," म्हणालास. "नवीन पोट्ट्याइले सोपं जाईन."

मग पुस्तक मिटून माझ्या हातात देताना म्हणालास, "पन रेफ्रीनं इचारावं, असं अजून नाई लिहिलं त्याईनं."

तू हसलास. मीही हसलो. वहिनी आतून म्हणाल्या, "काय झालं वं माय, इतक्या दिवसांनी हसून राहिले." ती शेवटची भेट ठरेल असं वाटलं नव्हतं. त्या हसण्यातच बोलून टाकायला हवं होतं. तू दारच उघडून दिलं होतंस.

म्हणून काल सकाळी मी कळमेश्वरची बस धरली. कारखान्याच्या गेटवर अशोकला निरोप पाठवला. तो हात पुसत बाहेर आला, मला कँटीनमध्ये घेऊन गेला, चहा मागवला. परवा मांडवात माझ्याशी बोलायचं राहून गेलं म्हणाला.

मी म्हणालो, "अशोक, त्या वेळचं बोलायला आलोय."

"काय बोलाचं, सर. गुलाबकाकाइनं मले तवाच सांगितलं होतं. गावाले आले होते नं. म्हनले, मास्तरवर राग धरू नको. त्यानं पाह्यलं नव्हतं, आन् न पाह्यलेलं तो मानूस बोलत नाई. खोटं त्याले जमत नाई म्हनले."

हे मला माहीत नव्हतं, गुलाब. तू माझ्याविषयी तिथं जाऊन हे सांगितलंस. त्या खोलीतून तुला बाहेर बसवल्यावर महिन्याच्या आत.

मी अशोकला म्हणालो, "पाहिलं नव्हतं हे खरं. पण मला माहीत होतं. तुझ्या गालावर बुटाच्या खिळ्यांच्या खुणा होत्या, खरचटल्याच्या नव्हत्या. गुलाबचा चेहरा मी पाहिला होता. आणि नळावर त्यानं सांगितल्यावर तर शंकाच उरली नव्हती. खोलीत मला विचारलं, ऐकून घेऊ का. मी हो म्हटलं असतं तर तुझी नोकरी वाचली असती. आपण चुकलो हे चार लोकांत निघालं तर उद्या आपली शिट्टी कोण ऐकणार, एवढ्यासाठी मी गप्प बसलो. मला कुणी धमकावलं नव्हतं. कसलं दडपण नव्हतं."

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. पाळी बदलायचा भोंगा झाला, माणसं आमच्या बाजूनं गेली, एकानं त्याला नमस्कार केला, त्यानंही केला.

"ठोसा तं म्या मारला होता, सर," तो शेवटी म्हणाला. "ते खोटं नाई." मग त्यानं विचारलं, "हे तुमी काकाले सांगितलं होतं?"

"नाही."

"कधीच नाई?"

"नाही."

"मंग मले सांगून काय करता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. "माह्यं निभलं. काम भेटलं, लेकरं शाळेत हायेत. त्याइले सांगाले पायजे होतं. त्याइनं वाट पाह्यली असन."

त्यानं मला बसपर्यंत सोडलं. खिडकीशी जागा धरून दिली.

कालपासून मी तेच वाक्य ऐकतोय. म्हणून आज हे लिहितो, कुणी वाचावं म्हणून नाही. तुझे उपकार मोजत बसलो तर तुला आवडणार नाही, आणि माफी मागायला मी फार उशीर केला. एकच सांगायचं आहे. ते मी त्या दिवशी खोलीत, अध्यक्षांसमोर, अशोकसमोर आणि तू दार ओढून घेण्याच्या आधी म्हणायला हवं होतं.

साहेब, हा माणूस खरं बोलतोय. याचं ऐका.